सासऱ्यांची कवायत

माझं लग्न ठरलं तेव्हा सासऱ्यांनी एकच अट घातली होती: शिट्टी शाळेत ठेवून यायची, घरी आणायची नाही.

मी उल्हासनगरच्या एका शाळेत पी.टी.ची बाई होते. अंगात निळा ट्रॅकसूट, पायात पांढरे कॅनव्हासचे बूट, गळ्यात काळ्या दोरीची शिट्टी. ऐंशीच्या दशकातली गोष्ट. शिकलेली, नोकरी करणारी सून हवी म्हणून सासऱ्यांनीच मला पसंत केलं होतं. आपल्या समाजातल्या बाईने शिकलंच पाहिजे, यावर ते विहारात उभं राहून बोलत. फक्त शिकलेली बाई म्हणजे हातात खडू धरणारी बाई, असं त्यांच्या मनात होतं. दोनशे पोरांसमोर उभी राहून "दाहिने मुड" ओरडणारी सून त्यांनी गृहीत धरली नव्हती.

सासऱ्यांना मी मामा म्हणायचे, सासूबाईंना आत्या. मामा शहाडच्या एका कारखान्यात फिटर होते. बदलापूरला बेलवलीत त्यांचं बैठं घर होतं. पुढे फरशी घातलेलं अंगण, आत भिंतीवर बुद्धांची तसबीर आणि तिच्याखाली मामांची खुर्ची. त्या खुर्चीतून ते माझ्याशी बोलत, पण थेट नाही. मी समोर उभी असले तरी आत्यांना सांगत, "तिला म्हणावं, चहात साखर जास्त झालीय." आत्या माझ्याकडे बघून म्हणत, "ऐकलंस ना? मग मी कशाला परत सांगू?"

मामा रिटायर झाले आणि दोनेक वर्षांत त्यांचं लघवीचं दुखणं सुरू झालं. सकाळी मोरीत जायचे ते अर्धा अर्धा तास बाहेर यायचे नाहीत. मी ब्रश तोंडात घेऊन दाराबाहेर, माझी शाळा सातची. "वयाचं आहे," असं म्हणण्यात वर्ष गेलं. मग कंबर दुखायला लागली, एकदा लघवीतून रक्त गेलं, तेव्हा कुठे आम्ही त्यांना उल्हासनगरच्या कॅम्प तीनमधल्या एका सर्जनकडे घेऊन गेलो.

डॉक्टरांचा दवाखाना जीन्स शिवणाऱ्या कारखान्याच्या वरच्या मजल्यावर होता. जिना निळ्या धाग्यांनी भरलेला. खाली पंधरा-वीस मशिनी एकदम चालायच्या, त्यामुळे वर डॉक्टर जे काही सांगायचे ते ओरडूनच सांगायचे, आणि बाहेर बाकावर बसलेल्या सगळ्यांना सगळ्यांचे आजार पाठ असायचे. डॉक्टर सिंधी. अर्धं हिंदी, अर्धं मराठी बोलायचे आणि दोन्ही प्रेमाने बोलायचे. तपासण्या झाल्या, तुकडा काढून पाठवला, रिपोर्ट आला. प्रोस्टेटचा कॅन्सर.

"प्रोस्टेट म्हणजे काय?" मामांनी विचारलं.

"अंकल, पेशाबच्या थैलीच्या खाली असते. अक्रोडाएवढी. सगळ्या पुरुषांना असते."

"मला नव्हती," मामा म्हणाले.

परतताना रिक्षात, घर जवळ आल्यावर, मामा समोर बघत म्हणाले, "घरात तो शब्द काढायचा नाही. गाठ म्हणायचं." म्हणून आम्ही गाठ म्हणू लागलो. आत्यांना प्रोस्टेट म्हणता येईना, त्या म्हणायच्या पोस्टाची गाठ. शेजारीणबाईंनी काळजीने विचारलं, "पोस्टात काही अडकलंय का हो तुमचं?"

पुढच्या खेपेला डॉक्टरांनी उपाय सांगितला. त्या दिवशी नवऱ्याला फर्स्ट शिफ्ट होती, म्हणून मामांबरोबर मी एकटीच होते.

"अंकल, ही बीमारी मर्दाच्या ताकदीवर वाढते. ती ताकद बंद करायची. दोन्ही गोली निकाल देंगे. छोटा ऑपरेशन. फिर टेन्शन नहीं."

मामांचा चेहरा उजळला. तेव्हा ते दिवसाला सहा गोळ्या घेत होते. "कधी बंद करणार?" त्यांनी विचारलं.

मामांना काय समजलंय ते मला कळत होतं, आणि खरं काय आहे तेही कळत होतं. पण सून म्हणून तोंड कुठून उघडणार? मी गप्प राहिले. आजही त्या गप्प राहण्याची मला लाज वाटते.

घरी आल्यावर मामांनी जाहीर केलं, "गोळ्या बंद करणार म्हणाले."

"मग ऑपरेशन कशाचं?" आत्यांनी विचारलं.

"असेल काहीतरी छोटंसं."

नवरा शिफ्ट संपवून आला तेव्हा मी त्याला सगळं सांगितलं. तो कानापर्यंत लाल झाला. "मी बोलतो बाबांशी," म्हणाला आणि बाहेर गेला. तासभर दोघे अंगणात बसले होते. तो आत आल्यावर मी विचारलं, "सांगितलंस?" तो म्हणाला, "अँटेना हलवायला पाहिजे म्हणाले. चित्र नीट येत नाही."

शेवटी मी आत्यांना सांगितलं. त्या भाजी निवडत होत्या. सगळं ऐकून घेतलं, हातातली जुडी खाली ठेवली, पदर खोचला आणि सरळ मामांच्या खुर्चीसमोर जाऊन उभ्या राहिल्या.

"अहो, त्या गोळ्या नव्हेत," त्या म्हणाल्या. "ह्या गोळ्या."

त्यांनी हाताने काय दाखवलं ते मी पाहिलं नाही. मी गॅसकडे तोंड करून उभी होते. मग मामांचा बारीक आवाज आला.

"दोन्ही?"

दुसऱ्या दिवशी मामा पुन्हा डॉक्टरांकडे गेले. या वेळी नवऱ्यालाही नेलं. डॉक्टरांनी स्वतःच्या कपाळाला हात लावला, मामांची माफी मागितली आणि कागदावर चित्र काढून पहिल्यापासून सगळं समजावलं. मामांनी फिटरसारखे प्रश्न विचारले. एक ठेवून चालणार नाही का? नाही. काढल्यावर आजार मुळापासून जाईल? नाही, पण दबून राहील, कदाचित बरीच वर्षं. हाडांत गेलाय? एक्स-रेमध्ये तसं दिसत नाही. मामांनी तो कागद घडी करून खिशात ठेवला आणि दोन दिवस विचार करून होकार दिला. त्या दोन दिवसांत ते जेवले नाहीत म्हटलं तरी चालेल. आत्या शेजारी बसून म्हणाल्या, "आपल्याला आता कुठं पाळणा हलवायचाय?" मामा हसले नाहीत, पण त्यांनी अर्धी भाकरी खाल्ली.

ऑपरेशन नीट झालं. खरी पंचाईत त्यानंतर सुरू झाली.

डॉक्टरांनी पंधरा दिवस आराम सांगितला होता. भेटायला येणाऱ्यांनी तो तीन महिन्यांवर नेला. जो येई तो म्हणे, "हलू नका हं, अजिबात हलू नका," आणि बिस्किटांचा पुडा ठेवून जाई. मामा हलले नाहीत. कॉटवर पडून बिस्किटं खात राहिले. पोट सुटलं, हात-पाय काटकुळे झाले. ज्या हातांनी तीस वर्षं नट-बोल्टांवर पाने फिरवले त्या हातांना लोणच्याच्या बरणीचं झाकण उघडेना. एक दिवस मोरीतून येताना पाय लटपटले आणि ते उंबऱ्याशी बसले ते बसलेच. नवऱ्याने आणि मी दोन्ही बाजूंनी धरून उठवलं. उठताना त्यांनी माझ्याकडे बघणं टाळलं.

डॉक्टर भडकले. "पंधरा दिन बोला था, तीन महिना नहीं! अंकल, ताकद बनवणारा कारखाना आपण बंद केला. आता मांस वितळणार, हाडं पोकळ होणार, पोट वाढणार. याची दवा मेडिकलमध्ये मिळत नाही. चालायचं, वजन उचलायचं, रोज. थोडं थोडं. झटका नाही द्यायचा, कंबरेतून वाकून काही उचलायचं नाही. पुस्तकात अजून एवढं लिहिलं नाहीये, पण मी बघतो ना, जो चालतो तो सावरतो." मग माझ्याकडे वळून म्हणाले, "आप तो पी.टी. टीचर हो ना? मग प्रॉब्लेम काय?"

प्रॉब्लेम असा होता की कवायतीत आज्ञा असते, आणि सासऱ्यांना आज्ञा करता येत नाही. पहिल्या दिवशी मी अंगणात त्यांना उभं केलं आणि जमेल तेवढ्या अदबीने म्हणाले, "मामा, आपण आता सावधान व्हावं."

मामांनी दचकून मागे वळून बघितलं. त्यांना वाटलं, फाटकातून कुत्रं आलं.

"आता विश्राम घ्यावा," मी म्हणाले, तर ते खरंच आत जाऊन कॉटवर पडले. आतून आवाज आला, "तिला म्हणावं, मी शाळेतला पोरगा नाही."

मग मी वेगळी युक्ती केली. मामांना सोडलं आणि आत्यांना शिकवायला घेतलं. व्यायाम साधा होता. खुर्चीत बसायचं, हात छातीवर घ्यायचे, आणि हातांचा आधार न घेता उठायचं. आत्यांनी नऊवारीचा ओचा घट्ट केला आणि सुरुवात केली. मामा दारातून बघत होते. जन्मभर मशिनीतला फरक नजरेने पकडलेला माणूस, त्यांना राहवेना.

"चुकतेय ती. गुडघे आत येतायत."

"मग तुम्ही दाखवा," आत्या म्हणाल्या.

मामा ऐटीत आले, खुर्चीत बसले, हात छातीवर घेतले आणि उठायला गेले. उठले नाहीत. पुन्हा प्रयत्न केला. तिसऱ्यांदा केला, तेव्हा मानेच्या शिरा फुगल्या, खुर्ची करकरली, पण ते होते तिथेच. आत्यांनी तोंड दुसरीकडे फिरवलं. मी फरशीकडे बघत राहिले. साठीच्या माणसाला आपण खुर्चीतून उठू शकत नाही हे असं सगळ्यांसमोर कळावं, याचं मला फार वाईट वाटलं.

मामांनी हात खाली घेतले आणि माझ्याकडे बघून, मध्ये कुणालाही न घालता, विचारलं, "किती वेळा करायचं असतं?"

"पाच वेळा, मामा. आधी हात टेकून केलं तरी चालेल."

त्या दिवशी त्यांनी हात टेकून चार केले. पाचवा उद्या, म्हणाले.

मुख्याध्यापकांना विचारून मी शाळेतले लाकडी डंबेल्स आणले. मामांनी ते हातात घेऊन बघितले, एकाची सैल झालेली मूठ आधी दुरुस्त केली, मग व्यायाम केला. पुढे डंबेल्स हलके वाटायला लागल्यावर एक-एक किलो तूरडाळीच्या पिशव्या शिवल्या. भिंतीला हात लावून टाचा उचलायच्या, पिशव्या खांद्यापर्यंत न्यायच्या, खुर्चीतून उठायचं. आकडे मोजताना मामांची लय चुकायची. एका सकाळी वैतागून म्हणाले, "अशी तोंडी मोजणी काय कामाची? ती शिट्टी कुठंय तुझी?"

मी शिट्टी घरी आणली. पहाटे साडेपाचला बेलवलीतल्या आमच्या अंगणात शिट्टी वाजू लागली, आणि शेजारच्या दोन घरांनी गजर लावणं सोडलं.

एक व्यायाम मात्र मला शिकवता येईना. ऑपरेशनच्या वेळी लघवीचा मार्गही मोकळा केला होता, तेव्हापासून खोकला आला की मामांचा लेंगा ओला व्हायचा. डॉक्टरांनी सांगितलं होतं, लघवी मध्येच थांबवतो तसं आतून आवळायचं, दहा आकडे धरायचं, सोडायचं. दिवसातून पाच-सहा वेळा. हे मी मामांना सांगणार कसं? नवऱ्यावर सोपवलं असतं तर अँटेना पुन्हा हलला असता. मी चिठ्ठी लिहिली, शाळेच्या भाषेत: "अधोभागाचे स्नायू आकुंचित करणे, दहा अंक. शिथिल करणे, दहा अंक." आणि आत्यांच्या हाती दिली. आत्यांना वाचता येत नव्हतं, त्यांनी ती मामांना दिली. मामांनी चष्मा लावून वाचली आणि मोठ्याने विचारलं, "कोणता अधोभाग?"

"पोस्ट हापिसाजवळचा," आत्या म्हणाल्या.

हा व्यायाम कुठेही, बसल्या जागी करता येतो, हे कळल्यावर मामा तो सगळीकडे करू लागले. पेपर वाचताना, बातम्या बघताना, माणसं आलेली असताना. फक्त करताना ते डोळे मिटत, पाठ ताठ करत आणि चेहऱ्यावर एक विलक्षण गांभीर्य येई. एका रविवारी विहाराचे एक ज्येष्ठ उपासक भेटायला आले. बोलता बोलता मामांनी डोळे मिटले. दहा आकड्यांनी मामांनी डोळे उघडले, सुस्कारा सोडला आणि पुन्हा मिटले. चार-पाच वेळा असं झालं. उपासकांनी हात जोडले.

"आजाराने माणूस खचतो," ते हळू आवाजात म्हणाले, "तुम्ही मात्र ध्यानाला लागलात. लक्ष कुठे ठेवता? श्वासावर?"

"नाही," मामा प्रामाणिकपणे म्हणाले. "खालच्या अंगाला."

"म्हणजे श्वासाच्याही पलीकडे!" उपासक म्हणाले. आठवडाभरात विहारातून निरोप आला, पौर्णिमेला मामांनी सगळ्यांना ध्यानाबद्दल दोन शब्द सांगावेत. आत्या हसून हसून जमिनीवर बसल्या. मामा गेले, आणि धीर धरणं किती अवघड असतं यावर दहा मिनिटं बोलले. लोकांना आवडलं.

याच सुमारास मामांना अचानक ताप भरायला लागला. बसल्या बसल्या चेहरा लाल व्हायचा, मानेवरून घामाच्या धारा, दोन मिनिटांत सगळं गायब. थर्मामीटर लावला तर काहीच नाही. मामा घाबरले. आत्यांनी एकदा नीट निरखून बघितलं आणि म्हणाल्या, "पोटातून वाफ येते का? छातीवरून वर चढते, आणि अंगावरचं सगळं फेकून द्यावंसं वाटतं?"

"तुला कसं माहीत?"

"मला चार वर्षं होत होतं. पाळी जाताना. तुम्ही म्हणाला होतात, नाटकं बंद कर."

डॉक्टरांनीही तेच सांगितलं, ऑपरेशननंतर असं होतं, व्यायामाने थोडं सुसह्य होईल. घरी येऊन मामा खुर्चीत बसले. मग म्हणाले, "चार वर्षं काढलीस अंगावर?"

"आणि स्वयंपाक पण केला," आत्या म्हणाल्या. तरीही त्यांनी पुठ्ठा उचलला आणि मामांना वारा घालू लागल्या. थोड्या वेळाने मामांनी पुठ्ठा त्यांच्या हातातून घेतला आणि त्यांच्याकडे वळवला. "आता मला कशाला?" आत्या म्हणाल्या. मामा वारा घालत राहिले.

चालणं सगळ्यात शेवटी सुरू झालं आणि सगळ्यात जास्त टिकलं. बारवी धरणाकडे जाणाऱ्या रस्त्याने मामा सकाळी निघायचे. तिकडच्या एका पाड्यावरची म्हातारी रानभाजीची पाटी डोक्यावर घेऊन त्याच वेळी बदलापूरच्या बाजारात यायची. दोन-चार दिवस तिने बघितलं आणि मग विचारलं, "रोज कुठं जातोस रं बाबा?"

"कुठं नाही. चालतो फक्त."

"आन् मंग?"

"मग परत येतो."

म्हातारी पाटी उतरवून हसायला लागली. "रिकामाच जातोस आन् रिकामाच येतोस?"

मामांना ते लागलं. दुसऱ्या दिवसापासून त्यांनी तिची अर्धी भाजी पिशवीत घेऊन बाजारापर्यंत पोचवायला सुरुवात केली. डॉक्टरांनी वजन उचलायला सांगितलंच होतं. त्या पावसाळ्यात आमच्या घरी रोज टाकळा आणि शेवळं यायला लागली, कारण म्हातारी हमाली भाजीच्या रूपात द्यायची. शेवटी आत्यांनी निर्वाणीचं सांगितलं, "चाला, पण हात हलवत या."

वर्षभराने डॉक्टरांनी रक्ताचा रिपोर्ट बघितला आणि खूश झाले. "ऑपरेशन एकदम बढिया," ते म्हणाले. त्या दिवशी आत्याही आल्या होत्या, त्या म्हणाल्या, "आणि डाळीच्या पिशव्या?" डॉक्टर हसले. "माताजी, बीमारी ऑपरेशनने दाबली. आदमी पिशवीने उठला." मामांनी तिथल्या तिथे हात छातीवर घेऊन खुर्चीतून उठून दाखवलं, बारा वेळा. बाहेर बाकावरचे पेशंट दारातून बघत होते. त्यातल्या दोघांना डॉक्टरांनी आमच्याकडे धाडलं, मग त्या दोघांनी आणखी दोघांना. दर रविवारी आमच्या अंगणात चार-पाच म्हातारे आपापल्या बायकांना घेऊन यायचे, एक अंबरनाथहून, बाकीचे उल्हासनगरहून. मी शिट्टी वाजवायचे, गुडघे कुणाचे आत येतात ते मामा बघायचे, आणि बायका एका कोपऱ्यात आपापल्या नवऱ्यांच्या वाफा मोजायच्या.

मामांना सहा-सात चांगली वर्षं मिळाली. मग आजार हाडांत उतरला. तेव्हा व्यायाम कमी कमी होत कॉटवर पडून पावलं वर-खाली करण्यापर्यंत आला, पण मामांनी तो सोडला नाही. दुखायचं त्या दिवशी मला सांगायचे, "आज तीनच." मी तीनच मोजायचे. ते गेले तेव्हा आमचे रविवारचे सगळे म्हातारे आले होते, आणि त्यांतले दोघे खांदा द्यायला पुढे झाले. मला भीती वाटली, ह्यांना झेपेल का? झेपलं.

पुढच्या रविवारी मी अंगण झाडलं नव्हतं. कुणी येईल असं वाटलं नव्हतं. अंबरनाथचे गृहस्थ बायकोला घेऊन आले आणि फाटकाशी घुटमळत उभे राहिले. आत्याच बाहेर आल्या, खुर्ची ओढून त्यांच्यासमोर ठेवली आणि म्हणाल्या, "बसा. म्हणजे उठा."

त्या दिवसापासून मोजणी आत्यांकडे गेली. त्यांना दहाच्या पुढे आकडे येत नव्हते. दहा झाले की त्या परत एकपासून सुरू करायच्या, आणि मध्ये थांबवायची कुणाची हिंमत नव्हती.